बागेतल्या लोखंडी शेडला कायमची वीजजोडणी: केबल, अर्थिंग आणि आरसीसीबी याबाबत मार्गदर्शन हवे आहे

छंदी सुतार (प्रश्न)

नमस्कार. घरामागच्या बागेच्या टोकाला माझी लोखंडी सांगाड्याची, पत्र्याने झाकलेली शेड आहे. तिथे मी सुतारकाम करतो. आतापर्यंत खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर नेऊन काम भागवले. परंतु ती वायर ओल्या गवतावरून जाते, तिच्यावरून हातगाडी फिरते, आणि टेबल सॉ चालू केला की शेडमधला दिवा क्षणभर मंद होतो. म्हणून आता रीतसर, कायमची जोडणी करून घ्यायची आहे.

घरातल्या मेन बोर्डापासून शेड सरळ रेषेत २८ मीटरवर आहे. लोड असा: टेबल सॉ १.५ किलोवॅट, भुसा ओढणारा व्हॅक्यूम १.२ किलोवॅट, ड्रिल आणि ग्राइंडर (हे सॉबरोबर कधीच चालत नाहीत), चार एलईडी दिवे आणि बॅटरीचा एक चार्जर. पुरवठा सिंगल फेज, २३० व्होल्ट.

ज्यांना काम दाखवले त्यांचा सल्ला असा, की फेज आणि न्यूट्रल अशा २.५ चौरस मिलिमीटरच्या दोनच वायर साध्या पीव्हीसी पाइपमधून न्याव्यात, पाइप वीतभर खोल पुरावा, आणि अर्थिंगसाठी शेडच्या शेजारी रॉड ठोकून तो शेडमधल्या बोर्डाला जोडावा. अर्थ जवळ असेल तर तो जास्त चांगला, तिसरी वायर घरापासून ओढण्यात पैसा वाया जातो, असे त्यांचे म्हणणे. घरातल्या बोर्डावर एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच) आहे, त्यामुळे शॉकची भीती नाही, असेही ते म्हणाले. हे मला पटत नाही, पण का पटत नाही हे मला नीट सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

विद्युत पर्यवेक्षक

आपली शंका रास्त आहे. सुचवलेल्या कामात सर्वांत धोकादायक भाग कोणता, तर तो वायरची जाडी किंवा पाइपची खोली नसून "रॉड आहे आणि एमसीबी आहे, म्हणजे झाले" हा समज आहे. त्यामुळे आधी त्याबद्दल लिहितो.

समजा टेबल सॉच्या मोटरमधले इन्सुलेशन खराब झाले आणि फेज तिच्या लोखंडी अंगाला लागली. हे अंग अर्थ वायरने शेडजवळच्या रॉडला जोडलेले आहे. आता करंटला परत जायचे आहे ते ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे, आणि त्याची वाट आहे रॉडमधून मातीत आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत. एका रॉडचा मातीशी असलेला रोध ४० ओहम असणे अजिबात वावगे नाही; कोरड्या किंवा मुरमाड जमिनीत तो याहून कितीतरी जास्त भरतो. ट्रान्सफॉर्मरकडचा रोध ६ ओहम धरला, तर एकूण ४६ ओहम झाले आणि २३० भागिले ४६ म्हणजे ५ अँपिअर करंट वाहील. १६ अँपिअरच्या एमसीबीला हे ५ अँपिअर म्हणजे सॉ मजेत चालू असल्याची खूण. तो तासन्‌तास ट्रिप होणार नाही. दरम्यान त्या २३० व्होल्टपैकी ४० ओहमच्या वाट्याला २०० व्होल्ट येतात, आणि ते २०० व्होल्ट सॉच्या अंगावर, अर्थ पिनेला जोडलेल्या इतर प्रत्येक अवजारावर आणि सांगाडा त्याच अर्थला जोडला असेल तर संपूर्ण शेडवर उभे राहतात. ओल्या जमिनीवर उभे राहून कोणी दाराची कडी धरली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. थोडक्यात, रॉड ठोकल्यामुळे दोष दूर होत नाही; उलट एका यंत्राचा दोष सगळ्या शेडभर पसरतो.

याउलट घरापासून अर्थची तांब्याची वायर सोबत आली असेल, तर त्याच दोषाच्या वाटेत ४० ओहम नसून एक ओहमच्या आसपास रोध असतो. मग करंट दोनशे अँपिअरच्या घरात जातो आणि एमसीबी निमिषार्धात ट्रिप होतो. अर्थ वायरचे खरे काम हे आहे: दोषाच्या वेळी करंटला इतकी मोकळी वाट देणे, की संरक्षण करणारे उपकरण ताबडतोब सुटावे. वीज "जमिनीत मुरवणे" हे तिचे काम नव्हे.

दुसरे उपकरण आरसीसीबी, ज्याला अजूनही बरेच जण ईएलसीबी म्हणतात. ते फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहते आणि फरक आढळला की पुरवठा तोडते. माणसाच्या संरक्षणासाठी ते ३० मिलीअँपिअरचे असावे. मानकाप्रमाणे ते ३० मिलीअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि त्याच्या पाचपट, म्हणजे १५० मिलीअँपिअरला, ४० मिलिसेकंदांच्या आत सुटले पाहिजे. शेडच्या प्लग पॉइंटना हे संरक्षण असलेच पाहिजे. यात तडजोड नको. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटपासून वाचवत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच (किंवा दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ घ्यावा). आणि कोणी एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर गेलेला करंट पुरा परत येत असल्याने आरसीसीबीला काहीच कळत नाही. त्यामुळे ते बसवले म्हणून चालू बोर्ड उघडण्याची मुभा मिळत नाही.

आता केबलच्या जाडीकडे वळू. सरळ अंतर २८ मीटर असले, तरी भिंतीवरून उतरणे, चराचे वळण, शेडमध्ये वर चढणे आणि दोन्ही टोकांची शिल्लक धरून ३५ मीटर केबल धरावी. सॉ, व्हॅक्यूम आणि दिवे मिळून २.८ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे १२ ते १३ अँपिअर होतात. १६ अँपिअरचे सर्किट योग्य. तांब्याचा रोध थंड असताना एका मीटरला, एका चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.०१७५ ओहम असतो. जाऊन येऊन ७० मीटर होतात. यावरून २.५ चौरस मिलिमीटरला १६ अँपिअरवर ७.८ व्होल्टची घट येते, म्हणजे ३.४ टक्के, वायर लोडवर तापली की यात पाचवा हिस्सा वाढतो आणि घट ४ टक्क्यांच्या वर जाते. ४ चौरस मिलिमीटरला हीच घट थंड असताना ४.९ व्होल्ट, तापल्यावर सुमारे ५.९ व्होल्ट, म्हणजे २.६ टक्के. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर वापरासाठी ५ टक्के घट चालते, पण ती पुरवठा घरात येतो तिथपासून मोजायची असते, शेडच्या केबलपुरती नव्हे. घरातल्या वायरिंगची थोडी घट आधीच झालेली असते, म्हणून २.५ इथे अपुरी आहे.

दिवा मंद होण्याचे कारणही याच हिशेबात आहे. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. आपली सॉ चालताना ७ ते ८ अँपिअर घेत असेल, तर सुरुवातीच्या क्षणी ४० अँपिअर घेईल, २.५ च्या केबलमध्ये त्या क्षणी २० व्होल्ट पडतील, ४ च्या केबलमध्ये १२. एक्स्टेन्शनची वायर बहुधा याहून बारीक असते. माझा सल्ला ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या आर्मर्ड (आवरणात पोलादी तारांचे कवच असलेल्या) केबलचा आहे. पुढेमागे शेडमध्ये हीटर किंवा मोठा कॉम्प्रेसर आणण्याचा विचार असेल तर आत्ताच ६ घ्यावी, कारण खर्च केबलपेक्षा चर खणण्याचा मोठा असतो आणि चर दुसऱ्यांदा कोणी आनंदाने खणत नाही.

एमसीबी सी प्रकारचा घ्यावा. बी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी ४८ ते ८० अँपिअरच्या झटक्याला तत्काळ सुटतो, त्यामुळे व्हॅक्यूम चालू असताना सॉ सुरू केला की तो अधूनमधून विनाकारण सुटण्याची शक्यता असते. सी प्रकारचा ८० ते १६० अँपिअरला सुटतो. पण त्याला खात्रीने सोडवण्यासाठी दोषाच्या वाटेचा एकूण रोध १.४४ ओहमपेक्षा कमी हवा, कारण २३० भागिले १६० म्हणजे तेवढेच. ४ चौरस मिलिमीटरच्या ३५ मीटर केबलची फेज आणि अर्थ मिळून ०.३ ओहमच्या थोडे वर होतात. घराच्या बोर्डापर्यंतचा रोध मोजून त्यात मिळवावा आणि बेरीज मर्यादेत बसते की नाही हे पाहावे.

मेन बोर्डावरचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. बहुतेक ठिकाणी कायद्याने ते बंधनकारक आहे आणि जोडणीपूर्वी चाचणीचा अहवालही लागतो.

बागकाम करणारा

वरच्या उत्तरात विद्युत भाग आलेला आहे. मी चर आणि केबल टाकण्याबद्दल लिहितो, कारण बागेतल्या केबलचा खरा शत्रू वीज नसून कुदळ आहे.

वीतभर खोली म्हणजे पुढच्या वेळी गुलाबाचे रोप लावताना केबलवर घाव. थेट पुरलेल्या केबलसाठी ६०० मिलिमीटर खोली बऱ्याच ठिकाणी किमान मानली जाते, काही नियमांत ७५० आहे; आपल्याकडे जो नियम लागू असेल तो आधी पाहावा आणि वाहने जातात तिथे आणखी खोल जावे. चराच्या तळाचे दगड वेचून काढावेत, ७५ मिलिमीटर बारीक वाळूचा थर द्यावा, त्यावर केबल ताण न देता किंचित नागमोडी सोडावी, वर पुन्हा तेवढाच वाळूचा थर द्यावा आणि मग विटा किंवा केबलवर झाकायच्या फरशा आडव्या मांडाव्यात. माती निम्मी भरल्यावर धोक्याची पिवळी किंवा लाल पट्टी अंथरावी. ही पट्टी केबलला चिकटून टाकणारे लोक आहेत. तसे केल्यास पट्टी दिसेपर्यंत कुदळ केबलमध्ये शिरलेली असते. ती केबलच्या वर निदान २०० मिलिमीटर असली तरच इशारा वेळेत मिळतो.

पाइपमधून साध्या घरगुती वायर नेण्याच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. जमिनीखालच्या पाइपमध्ये पाणी जातेच, सांधे कितीही चिकटवले तरी. बाहेरून शिरले नाही, तर आतल्या हवेतली वाफ थंडाव्याने पाइपच्या भिंतीवर पाणी होऊन साचते. घरातल्या भिंतीत घालायच्या एकपदरी वायर वर्षानुवर्षे पाण्यात राहण्यासाठी केलेल्या नसतात. पाइप वापरायचाच असेल तर तो केबलला अधिकचे कवच म्हणून वापरावा, आत केबल मात्र जमिनीखाली वापरण्याच्या जातीचीच असावी. आर्मर्ड केबलच्या पोलादी तारा उंदीर, वाळवी आणि फावड्याचा हलका घाव यांना तोंड देतात, आणि घाव खोल गेलाच तर अवजार फेजपर्यंत पोहोचण्याआधी अर्थशी जोडलेल्या तारांना भिडते, त्यामुळे फ्यूज किंवा एमसीबी सुटतो. अर्थात, आर्मर अर्थला जोडलेला असेल तरच.

जोडणीच्या दोन्ही टोकांना आर्मर्ड केबलचेच ग्लँड (केबल बोर्डात पक्की धरून ठेवणारे धातूचे जोड) हवेत. आर्मरच्या तारा कापून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आणि केबल बोर्डाच्या भोकातून तशीच आत घातलेली मी पाहिली आहे. अशा केबलचा आर्मर शोभेचाच राहतो. ग्लँडच्या शंकूसारख्या भागावर तारा सारख्या पसरून आवळल्या पाहिजेत, अर्थ टॅग बसवला पाहिजे, आणि केबल बोर्डात खालून शिरली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता खाली टपकेल. जमिनीखाली सांधा ठेवू नये. ३५ मीटरसाठी एकसंध केबल सहज मिळते. केबल कापल्यावर मोकळे टोक उघडे पडू देऊ नये, त्यावर टोपी किंवा घट्ट टेप हवी, नाहीतर ओल तारांमधून आत ओढली जाते आणि इन्सुलेशनची चाचणी नापास होते.

चर बुजवण्याआधी मापनपट्टी पसरून फोटो काढावेत, आणि केबल घराच्या कोपऱ्यापासून व कुंपणापासून किती अंतरावर आहे हे कागदावर उतरवून तो कागद मेन बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवावा. इंटरनेटची वायर न्यायची असेल तर त्याच चरात, पण वेगळ्या पाइपमधून आणि केबलपासून अंतर राखून न्यावी. हा रिकामा पाइप आत्ताच, आत दोरी घालून, टाकून ठेवलेला बरा.

छंदी सुतार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ४० ओहमचा हिशेब वाचून आता मला माझ्या शंकेचे कारण शब्दांत सांगता येते.

एक नवी माहिती मिळाली आहे. वीज कंपनीकडून कळले, की आमच्या भागात न्यूट्रल आणि अर्थ एकाच वायरीतून येतात आणि घराच्या मीटरपाशी वेगळे होतात. याने काही फरक पडतो का? की घरापासून तिसरी वायर आणली की काम झाले?

चाचणी अभियंता

फरक पडतो, आणि लोखंडी शेडच्या बाबतीत चांगलाच पडतो. विद्युत पर्यवेक्षकांच्या विवेचनाशी मी सहमत आहे; मात्र अर्थ घरापासून आणावा हा त्यांचा निष्कर्ष आपल्या प्रकारच्या पुरवठ्याला जसाच्या तसा लागू करू नये, असे माझे मत आहे.

अशा पुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थ यांची जी सामाईक वायर रस्त्यावरून येते, ती कधी तुटली किंवा तिचा सांधा सुटला, तर घरातल्या उपकरणांमधून गेलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मग घरातला न्यूट्रल आणि त्याला मीटरपाशी जोडलेला अर्थ, दोन्ही जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टच्या दिशेने चढतात. घराच्या आत असताना हे त्या मानाने कमी घातक ठरते, कारण नळ, पाइप आणि यंत्रांची अंगे एकमेकांना जोडलेली असल्याने सगळे एकदमच वर जाते आणि हाताला लागणाऱ्या दोन वस्तूंमध्ये फारसा फरक राहत नाही. पण तोच अर्थ बागेच्या टोकाला नेऊन लोखंडी सांगाड्याला जोडला, आणि बाहेर ओल्या मातीवर उभा असलेला माणूस त्या सांगाड्याला टेकला, तर त्याच्या पायाखाली जमीन आहे आणि हातात जवळजवळ पूर्ण व्होल्टेज आहे. यात घरातला एमसीबी सुटत नाही. शेडमधला आरसीसीबीही उपयोगाचा नाही, कारण हा करंट फेजमधून न येता अर्थ वायरीतून येतो, आणि आरसीसीबी सुटला तरी अर्थ वायर तोडत नाही.

म्हणून अशा ठिकाणी शेडचा अर्थ घराच्या अर्थपासून वेगळा ठेवणे, म्हणजेच शेडपाशी स्वतंत्र रॉड देणे, हा योग्य मार्ग आहे. हे वाचून आपण गोंधळून जाल, कारण पहिल्या सल्लागारानेही रॉडच सुचवला होता. त्याच्या आराखड्यात आरसीसीबी नव्हता. सगळा फरक तिथे आहे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर ४० ओहमच्या रॉडवर तो सुटण्याआधी दीर्घकाळ टिकू शकणारे व्होल्टेज १.२ व्होल्टपेक्षा जास्त नसते, आणि पूर्ण दोष झाला तर ५ अँपिअरचा फरक दिसताच तो काही मिलिसेकंदांत पुरवठा तोडतो. ५० व्होल्टची सुरक्षित मर्यादा धरली तर हिशेबाने रॉडचा रोध १६६७ ओहमपर्यंत चालतो. तरीही तो २०० ओहमच्या खाली ठेवण्याचा प्रघात आहे, कारण त्याहून जास्त रोध मातीतल्या ओलाव्याप्रमाणे फार बदलत राहतो. रॉड हा इथे आरसीसीबीचा साथीदार आहे. एकट्या रॉडवर कधीही भिस्त ठेवू नये.

रॉड जाडीपेक्षा लांबीने सुधारतो. व्यास दुप्पट केल्याने रोध फारसा घटत नाही, लांबी दुप्पट केल्याने जवळजवळ निम्मा होतो, शिवाय खोलवरची माती वर्षभर ओलसर राहते. तांब्याचा मुलामा असलेला २.४ ते ३ मीटरचा रॉड घ्यावा. एकाने भागले नाही तर दुसरा पहिल्यापासून निदान त्याच्या लांबीइतक्या अंतरावर ठोकून दोन्ही जोडावेत. खड्ड्यात मीठ घालण्याच्या सवयीचा मला राग येतो. मीठ पावसाबरोबर वाहून जाते आणि मागे गंजलेला रॉड ठेवून जाते.

केबलच्या बाबतीत या पद्धतीने काय बदलते, तेही लिहितो. दोन कोरची, म्हणजे आत दोनच वायर असलेली, आर्मर्ड केबल पुरेल. तिचा आर्मर घराच्या टोकाला घराच्या अर्थला जोडावा, म्हणजे वाटेत कुदळ लागली तर घरातला एमसीबी सुटेल. शेडच्या टोकाला मात्र हा आर्मर कशालाही जोडायचा नाही. केबल प्लॅस्टिकच्या बोर्डात संपवावी, ग्लँडवर आवरण चढवावे, आणि ग्लँडचे धातूचे अंग शेडच्या सांगाड्याला किंवा शेडच्या अर्थ बारला कुठेही टेकणार नाही याची खात्री करावी. केबल आत येताना पत्र्याच्या धारेला घासत असेल तर तिथे प्लॅस्टिकचा तुकडा घालावा. दोन वेगळे अर्थ नकळत जोडले गेले, तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो.

शेडमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांची जोड कदापि देऊ नये. "न्यूट्रलला अर्थ दिला की व्होल्टेज स्थिर राहते" असे सांगणारे भेटतात. तशी जोड आरसीसीबीच्या पुढे दिली तर तो सारखा सुटत राहतो. त्याच्या मागे दिली तर न्यूट्रलचा करंट मातीतून वाहू लागतो, आणि न्यूट्रल तुटला की लोखंडी शेड फेजवर जाते.

विद्युत पर्यवेक्षक

चाचणी अभियंत्यांची दुरुस्ती मला मान्य आहे. पुरवठ्याचा प्रकार मी आधी विचारायला हवा होता, तो मूळ प्रश्नात नव्हता. ज्यांच्याकडे अर्थची वायर ट्रान्सफॉर्मरपासून वेगळी येते, त्यांनी तीन कोरची केबल आणि घरापासूनचा अर्थ हीच पद्धत धरावी. आपल्यासाठी स्वतंत्र रॉड योग्य.

शेडमधल्या बोर्डाबद्दल थोडे लिहायचे राहिले होते. आरसीसीबी शेडच्या टोकाला ठेवावा. घरात सगळ्या सर्किटना मिळून एकच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल आणि शेडची केबल त्याच्या पुढून घेतली, तर शेडमधल्या दमट ग्राइंडरमुळे अख्खे घर अंधारात जाईल. त्यामुळे शेडची केबल त्याच्या मागून, स्वतःच्या एमसीबीवरून घ्यावी. किंवा केबलच्या मागे घरात असणारा आरसीसीबी मुद्दाम उशिरा सुटणारा, १०० मिलीअँपिअरचा, एस प्रकारचा असावा. चार्जर आणि वेग बदलणाऱ्या मोटरमधून लिकेज करंट सरळ स्वरूपात न येता तुटक येतो, म्हणून साध्या एसी प्रकाराऐवजी ए प्रकारचा आरसीसीबी घ्यावा.

शेडच्या बोर्डात सर्वांत आधी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल मेन स्विच, आणि त्यानंतर दोन आरसीबीओ हवेत: प्लग पॉइंटसाठी १६ अँपिअरचा, दिव्यांसाठी ६ अँपिअरचा. हे मी चैनीसाठी सांगत नाही. सॉ ट्रिप झाल्यावरही पाते काही सेकंद फिरत राहते, आणि त्याच क्षणी दिवेही गेले तर माणूस अंधारात फिरत्या पात्यासमोर उभा राहतो. दिवे वेगळ्या आरसीबीओवर असले तर पाते थांबेपर्यंत ते डोळ्यांसमोर राहते. न्यूट्रल मात्र ज्याचा त्याच्या आरसीबीओकडेच परत गेला पाहिजे; दिव्याचा न्यूट्रल प्लगच्या न्यूट्रलला जोडला की दोन्ही सुटतील आणि वायरमन दिवसभर दोष शोधत बसेल.

सांगाडा रॉडला जोडताना रंग खरवडून, लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावून, नट-बोल्टने पक्का करावा. रंगावर बसवलेला लग दिसायला जोडलेला असतो, मोजायला गेल्यास नसतो. बाहेरच्या भिंतीवर प्लग पॉइंट हवा असेल तर प्लग लावलेला असतानाही आयपी ६६ दर्जा (धूळ आणि पाण्याचा जोरदार झोत आत न येऊ देणारा) टिकवणारा घ्यावा. काहींचा दर्जा झाकण बंद असतानाच लागू असतो. आत भुसा उडतो, त्यामुळे आतल्या पॉइंटनाही धूळरोधक झाकणे द्यावीत.

छंदी सुतार

आता चित्र पूर्ण झाले. ४ चौरस मिलिमीटरची दोन कोर आर्मर्ड केबल, स्वतंत्र रॉड आणि दोन आरसीबीओ असा निर्णय घेतला असून परवानाधारक वायरमनशी बोलणेही झाले आहे. एकच शेवटची विचारणा: काम पूर्ण झाल्यावर त्यांच्याकडून कोणत्या चाचण्या मागाव्यात? दिवा लागला आणि टेस्ट बटण दाबल्यावर आरसीबीओ सुटला, एवढे पुरे आहे का?

चाचणी अभियंता

पुरे नाही. टेस्ट बटण आरसीबीओच्या आतल्याच एका रोधातून करंटचा फरक निर्माण करते. त्यामुळे यंत्रणा जाम झालेली नाही एवढेच कळते. अर्थ वायर तुटलेली असली, रॉड जोडलाच नसला, तरी बटण दाबल्यावर ते सुटणारच. बटण नियमितपणे, निर्मात्याने सांगितलेल्या अंतराने, दाबावेच, परंतु त्याला अर्थिंगची तपासणी समजू नये.

पहिली चाचणी चर बुजवण्याआधीची. केबलची दोन्ही टोके मोकळी ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) फेज–न्यूट्रल, फेज–आर्मर आणि न्यूट्रल–आर्मर असे इन्सुलेशन मोजावे. नियमानुसार १ मेगाओहम ही खालची मर्यादा आहे, पण नव्या केबलने शेकडो मेगाओहम दाखवायला हवेत. नवी केबल २ किंवा ३ दाखवत असेल तर ती नियमाने उत्तीर्ण झाली तरी पुरू नये. टोकातून ओल गेली आहे किंवा ग्लँड आवळताना इन्सुलेशन कापले गेले आहे. साध्या मल्टिमीटरने हे कळत नाही, कारण तो काही व्होल्टवरच मोजतो. चर बुजवल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी, म्हणजे माती भरताना एखादा धारदार दगड केबलवर बसला असेल तर तो त्याच दिवशी लक्षात येईल.

शेडच्या वायरिंगची इन्सुलेशन चाचणी करताना दिवे, चार्जर आणि आरसीबीओ वेगळे काढलेले असावेत, नाहीतर ५०० व्होल्टने त्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग खराब होऊ शकतात. त्यानंतर प्रत्येक प्लग पॉइंटच्या अर्थ पिनेपासून रॉडपर्यंत आणि सांगाड्यापासून रॉडपर्यंत सलगता मोजावी, आणि घराच्या आर्मरपासून शेडच्या अर्थपर्यंत सलगता नाही हेही मोजून पाहावे. आपल्या पद्धतीत ही शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जाते.

पुरवठा सुरू केल्यावर प्रत्येक पॉइंटवर फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का हे पाहावे. रॉडचा रोध मीटरने मोजून आकडा लिहून घ्यावा. शक्य असेल तर जमीन सर्वांत कोरडी असताना पुन्हा मोजावा, कारण ओल्या मातीतला चांगला आकडा फसवा असतो. शेवटी आरसीबीओ टेस्टरने १५ मिलीअँपिअरवर तो सुटत नाही, ३० वर ३०० मिलिसेकंदांच्या आत सुटतो आणि १५० वर ४० मिलिसेकंदांच्या आत सुटतो, हे तिन्ही पाहावे. ही चाचणी बोर्डावर न करता शेडमधल्या सर्वांत लांबच्या प्लग पॉइंटवर करावी, कारण तिथे ती यशस्वी झाली तर मधली अर्थ वायरही त्याच चाचणीत तपासली जाते.

हे सर्व आकडे अहवालात, तारखेसह आणि वायरमनच्या सहीसह मागून घ्यावेत. अहवालात नुसती "ठीक" अशी नोंद असेल तर ती स्वीकारू नये, प्रत्येक ठिकाणी मोजलेला आकडा लिहून मागावा; पुढच्या तपासणीला रॉडचा रोध वाढला आहे का, हे त्या आकड्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.